तळवा बघा, स्कॅनचं नंतर बोलू : नागपूरच्या आरोग्य यंत्रणेला आणि डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
मा. उपसंचालक, आरोग्य सेवा, नागपूर मंडळ,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, नागपूर,
मा. वैद्यकीय आरोग्य अधिकारी, नागपूर महानगरपालिका,
आणि शहरातले सर्व त्वचारोगतज्ज्ञ, सर्जन व पॅथॉलॉजिस्ट

सविनय नमस्कार.

काही दिवसांपूर्वी आमच्या वस्तीतल्या समाजभवनात मोफत कर्करोग तपासणी शिबीर झालं. तोंड तपासत होते, बायकांच्या स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी चालू होती. सगळे मन लावून काम करत होते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. रांगेतल्या एका मावशींनी चप्पल काढून पायाचा अंगठा पुढे केला. नखाखाली काळी पट्टी होती आणि तो काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवरही उतरला होता. "हे आमच्या फॉर्मवर नाही, स्किनवाल्यांना दाखवा," एवढंच उत्तर त्यांना मिळालं. कोणाला, कुठे, कधी, काही नाही. त्याच आठवड्यात पेपरातून एका लॅबचं पत्रक घरी आलं. 'संपूर्ण कॅन्सर चेकअप', खाली रक्ताच्या मार्करांची, म्हणजे कर्करोगाचा सुगावा देतात असं सांगितल्या जाणाऱ्या घटकांच्या चाचण्यांची, लांबलचक यादी आणि सणानिमित्त सवलत.

या दोन गोष्टी पाठोपाठ बघितल्या आणि गप्प बसवेना. त्वचेच्या कर्करोगात सुरुवातीला ज्या तपासण्या खरोखर कामाच्या असतात त्या स्वस्त आणि साध्या आहेत, आणि नेमक्या त्याच टाळल्या जातात. ज्या महाग आहेत त्या या टप्प्यावर बहुतेकदा काहीच सांगत नाहीत, तरी पहिल्याच भेटीत लिहून दिल्या जातात. माझ्या आईच्या वाट्याला दोन्ही आलं.

माझं माहेर काटोल तालुक्यातलं, घरची संत्र्याची बाग. आई आयुष्यभर त्या बागेत राबली, बरेचदा अनवाणी. तिच्या डाव्या टाचेवर सेंटीमीटरभर काळा डाग होता. "दुखत नाही ना, मंग कायले दवाखाना?" असं ती म्हणायची. डाग पसरायला लागला तेव्हा भावाने तिला एका खासगी दवाखान्यात नेलं. कुरूप आहे असं सांगून तिथे तो खरवडला आणि कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या टोकाने, जाळला. निघालेला तुकडा बादलीत गेला. तो तपासायला पाठवायचा असतो हे कोणी बोललं नाही. पुढे त्याच जागी, बऱ्या झालेल्या जखमेच्या कडेला पुन्हा काळं दिसू लागलं, तेव्हा आईला नागपूरला आणलं.

इथल्या एका खासगी रुग्णालयात कडेचा पातळ पापुद्रा काढून बायोप्सी झाली. रिपोर्ट दीड ओळीचा. मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग आहे, बस. किती खोल आहे, वरची कातडी फुटलेली आहे का, कापाच्या कडेपर्यंत रोग आहे का, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. त्या दीड ओळीवर पेट-सीटी हा अंगभर रोग शोधायचा स्कॅन लिहून दिला, मेंदूचा एमआरआय लिहून दिला, रक्ताच्या चाचण्यांचं एक पान भरून दिलं. पेट-सीटीत डाव्या जांघेतली एक गाठ चमकली. "पसरलेला दिसतोय," असं आम्हाला उभ्याउभ्या सांगितलं गेलं. पैशांची जुळवाजुळव म्हणून बाबांनी संत्र्याच्या अंबिया बहाराच्या पिकाचा सौदा वेळेआधीच, पडत्या भावात करून टाकला. मग गाठीत सुई घालून पेशी तपासल्या तर साधी सूज निघाली. आईच्या टाचांना खोल भेगा आहेत, त्या चिघळलेल्या होत्या. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे आमच्या आजीलाही माहीत होतं.

नंतर दुसऱ्या ठिकाणी एका पॅथॉलॉजिस्टबाईंनी आईच्या बायोप्सीचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवून ठेवलेले तुकडे, मागवून नव्याने स्लाइड केल्या आणि मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. गुलाबी-जांभळ्या थरांत तपकिरी ठिपक्यांचे पुंजके दिसत होते आणि खालची कड सुरीने कापल्यासारखी सरळ होती. पुंजके थेट त्या कडेपर्यंत गेलेले. "याच्या खाली किती होतं ते या तुकड्यात आलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "आणि आधी जे जाळलं त्यात काय होतं, ते आता कोणालाच सांगता येणार नाही."

मंडळी, माझ्या सगळ्या तक्रारीचं मूळ या एका वाक्यात आहे.

मेलानोमाच्या सुरुवातीच्या टप्प्यात पुढचं सगळं एका आकड्यावर ठरतं. त्वचेच्या वरच्या थरापासून सर्वांत खोल गेलेल्या कर्करोगाच्या पेशीपर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये. १९७० मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने ते मोजायची पद्धत मांडली आणि आजही जगभर तेच माप धरतात. जाडी ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी आणि वरची कातडी शाबूत, तर अशा रुग्णांपैकी सुमारे ९९ टक्के पाच वर्षांनंतरही या रोगातून वाचलेले असतात. हे आकडे मुख्यतः पाश्चात्त्य रुग्णालयांतले आहेत, तरी दिशा स्पष्ट आहे. १ मिलिमीटरपर्यंत जाडी असेल तर डागाभोवतीची १ सेंटीमीटर कातडी काढली की पुरतं. २ मिलिमीटरच्या वर गेली तर २ सेंटीमीटर काढावी लागते. टाचेवर या एका सेंटीमीटरचा अर्थ काय होतो ते घरात बघितलं आहे. एक सेंटीमीटर वाचला असता तर कदाचित जखम सोपी झाली असती. आईच्या बाबतीत आकडाच हाती नव्हता, म्हणून सर्जननी वाईटात वाईट शक्यता धरून कड मोठी घेतली, मांडीची कातडी टाचेवर लावली आणि जांघेतली पहिली लसिकाग्रंथीही, म्हणजे रोग पसरला तर आधी जिथे पोचतो ती गाठ, काढून तपासली. त्यांचं काही चुकलं नाही, त्यांच्यापुढे दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता. ग्रंथीत काही निघालं नाही. आई बरी आहे. पण टाचेवर भार टाकून तिला बागेत फिरता येत नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार ही की पाय कोणी बघतच नाही. त्वचेचा कर्करोग म्हटलं की गोऱ्या लोकांचा, उन्हाचा, समुद्रकिनाऱ्याचा आजार असं चित्र डोळ्यांपुढे येतं. आपल्या सावळ्या कातडीला उन्हापासून बरंच संरक्षण आहे आणि आपल्याकडे हा आजार कमी आहे, हे खरंच आहे. पण आपल्यासारख्या वर्णाच्या लोकांत मेलानोमा झालाच तर तो मोठ्या प्रमाणात तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तिथे उन्हाचा संबंध नसतो. रुग्ण खुर्चीवर बसतो, चप्पल पायातच राहते, आणि तपासणी होते चेहऱ्याची नि हाताची. तळव्यावरचा डाग कुरूप ठरतो, नखाखालचा काळेपणा नखुरडं किंवा मुका मार ठरतो, आणि महिनोन्‌महिने मलमं चालतात. मूळ वर्णाने सावळ्या लोकांच्या नखांवर काळसर रेघा अनेकदा निरुपद्रवी असतात, विशेषतः दोन-चार बोटांवर असतील तर. एकाच बोटावर असेल, रुंद होत असेल, रंग नखाबाहेर कातडीवर उतरला असेल, तर मात्र तिथे थांबायला जागा नाही. शिबिरातल्या त्या मावशींच्या अंगठ्यावर नेमकं हेच होतं.

डागाचे दोन अर्धे सारखे नसणं, कड वेडीवाकडी असणं, रंग एकसारखा नसणं, आकार ६ मिलिमीटरच्या वर जाणं आणि डाग बदलत राहणं, ही पाच लक्षणं डॉक्टरांना विद्यार्थिदशेतच शिकवतात. तळव्यावर त्यांच्या जोडीला एक फार कामाचं साधन आहे, डर्मोस्कोप. हातात मावणारं, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि त्याला दिवा. चांगल्या मोबाइलच्या किमतीत येतं. त्वचेला सुई लागत नाही, रक्त निघत नाही, दोन मिनिटांत बघून होतं. मी शेतकऱ्याची मुलगी आहे, मला हे सरी-वरंब्याच्या भाषेत चटकन समजलं. तळव्याच्या कातडीवर बारीक वरंबे असतात आणि त्यांच्या मधे सऱ्या. साध्या तिळाचा रंग बहुतेकदा सरीत उतरतो. मेलानोमाचा रंग वरंब्यावर चढतो, आणि त्या वरंब्यावर घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके ओळीने दिसतात. जपानी डॉक्टरांनी ही खूण बारकाईने अभ्यासली आणि प्रसिद्ध केली. त्यांच्या अभ्यासात वरंब्यावरचा रंग सुमारे ८६ टक्के मेलानोमांत दिसला आणि साध्या डागांपैकी जेमतेम १ टक्क्यात. इतकी स्पष्ट खूण असताना आईच्या टाचेवर भिंग कोणी धरलं नाही, ना तालुक्याला, ना पहिल्या भेटीत नागपुरात.

२०१८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने त्वचेच्या कर्करोगाच्या तपासण्यांवरचा जगभरातला पुरावा एकत्र करून तपासला. निरोगी डागांवर नाहक संशय घेण्याचं प्रमाण सारखंच धरलं तर १०० मेलानोमांपैकी नुसत्या डोळ्यांनी अंदाजे ७६ सापडतात आणि रुग्ण समोर बसवून डर्मोस्कोपने बघितलं तर ९२. यातले बहुतेक अभ्यास गोऱ्या कातडीवरचे आहेत आणि साधन शिकलेल्या हातात असावं लागतं, हेही इथे लिहिते. तरीही शंभरातले सोळा ही लहान गोष्ट नाही. मोबाइलवर फोटो काढून कॅन्सर आहे की नाही सांगणाऱ्या ॲपवर मात्र विसंबू नये, असंच त्या पाहणीतून निघालं. ती ॲप्स मेलानोमा निसटू देतात.

दुसरी तक्रार सर्वांत गंभीर. शरीरातून काढलेला तुकडा फेकला जातो. चामखीळ, कुरूप, तीळ, मस्सा, जे काही म्हणाल ते, कॉटरीने किंवा लेझरने जाळायचं आणि मोकळं व्हायचं. सौंदर्य-उपचार केंद्रांत तर तीळ काढणं हा दहा मिनिटांचा धंदा झाला आहे, आणि तिथे डॉक्टर असतोच असं नाही. काळा डाग जाळला की पुरावा जळतो. तुकडा पाठवायचाच झाला तर "वेगळे पैसे लागतील, पाठवायचा का?" असं रुग्णालाच विचारतात. ज्याला आपल्याला काय झालंय हेच माहीत नाही, तो खर्च वाचवायला नको म्हणणार. हा निर्णय रुग्णावर टाकणं मला मान्य नाही. कधी तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मॅलिन या द्रवाची डबी नसते म्हणून तुकडा सलाइनमध्ये घालून नातेवाइकाच्या हातात देतात आणि तो बसने नागपूरला येईस्तोवर खराब होतो. फॉर्मॅलिनला असा किती खर्च येतो?

बायोप्सी कशी घ्यायची यावरही मोठे मतभेद नाहीत. मेलानोमाचा संशय असेल तर शक्यतो पूर्ण डाग, भोवतीच्या १ ते ३ मिलिमीटर कातडीसकट, खालच्या चरबीपर्यंत एका तुकड्यात काढायचा. तळव्यावर किंवा चेहऱ्यावर डाग मोठा असेल आणि ते जमत नसेल, तर सर्वांत जाड किंवा सर्वांत काळ्या भागातून पूर्ण खोलीचा तुकडा घ्यायचा. कडेचा पापुद्रा घेऊन मेलानोमा आहे एवढं कळू शकतं, पण ज्या आकड्यासाठी बायोप्सी करायची तो कापला जातो. सुरी लावल्याने कॅन्सर पसरतो, ही भीती रुग्णांच्या मनात पक्की बसलेली आहे. ती चुकीची आहे आणि ती दूर करणं हे डॉक्टरांचं काम आहे. आमच्या घरी एका नातेवाइकाने आईला बायोप्सीच करू नको म्हणून शपथ घातली होती.

तिसरी तक्रार रिपोर्टबद्दल. पॅथॉलॉजिस्टमंडळींशी मी आदराने बोलते, कारण आमची वाट शेवटी त्यांच्यातल्याच एका बाईंनी दाखवली. पण मेलानोमाच्या रिपोर्टवर जाडी, वरची कातडी फुटलेली आहे की नाही, पेशींच्या विभाजनाचं प्रमाण, बाजूच्या आणि खालच्या कडेपर्यंत रोग आहे का, एवढं असलंच पाहिजे. मोजता येत नसेल तर 'तुकडा अपुरा असल्याने मोजता येत नाही' असं लिहावं. ते वाक्यही फार मोलाचं असतं, कारण मग पुन्हा नीट तुकडा घेता येतो. गप्प बसलेल्या रिपोर्टवर पुढचा डॉक्टर स्कॅन लिहितो.

चौथी तक्रार या स्कॅनचीच. जाडी कमी आहे, गाठी हाताला लागत नाहीत, दुसरं काही लक्षण नाही, अशा रुग्णाला पेट-सीटी, सीटी, एमआरआय किंवा रक्ताच्या चाचण्या करायची गरज नाही, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. कारणही सोपं आहे. पेट-सीटीत किरणोत्सर्गी खूण लावलेली साखर टोचतात आणि ती जिथे जास्त खेचली जाते ती जागा चमकते. पेशींचा अगदी लहान पुंजका त्यात दिसत नाही, म्हणून लसिकाग्रंथीतला सूक्ष्म प्रसार सुटून जातो. उलट सूज, जखम, क्षयरोग, सगळं चमकतं. आपल्या भागात क्षयरोग किती आहे आणि किती पाय भेगाळलेले आहेत हे आपणाला सांगायला नको. म्हणजे जे शोधायचं ते दिसत नाही आणि जे नाही त्याची भीती बसते. शिवाय किरणोत्सर्ग, आणि दहा-वीस हजारांच्या घरात जाणारा खर्च. सूक्ष्म प्रसार शोधायची खरी पद्धत वेगळी आहे. डागापाशी रंग आणि किरणोत्सर्गी द्रव्य टोचून पहिली लसिकाग्रंथी हुडकायची आणि काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची. तीसुद्धा सगळ्यांना नाही. साधारण ०.८ मिलिमीटरच्या आत, कातडी न फुटलेल्या रोगात तिची शिफारस करत नाहीत. ०.८ ते १ मिलिमीटरमध्ये रुग्णाशी बोलून ठरवतात, त्याहून जाड असेल तर सुचवतात. पुन्हा तोच आकडा.

रक्तातला एलडीएच हा घटक मेलानोमाच्या टप्प्यांत धरतात तो चौथ्या टप्प्यात, रोग दूरवर पसरल्यावर. पत्रकात छापलेले सीईए, सीए-१२५ यांचा त्वचेच्या कर्करोगाशी संबंध नाही. बीआरएएफसारखी जनुक-चाचणी रोग पुढच्या टप्प्यात असताना औषध ठरवायला लागते, आईच्या पहिल्या पानावर तीही लिहिलेली होती. स्कॅनच्या विरोधात मी नाही. जाडी जास्त असेल, गाठ हाताला लागत असेल, ग्रंथीत रोग निघाला असेल, तर स्कॅन हवाच, आणि तेव्हा तो लवकर मिळायला हवा. जो रुग्ण गरज नसताना रांगेत उभा केला जातो तो गरज असलेल्याची जागा अडवतो.

मेलानोमाबद्दलच इतकं लिहिलं, पण आपल्याकडे त्वचेच्या कर्करोगाचे आणखी दोन प्रकारही दिसतात. नाकावर, पापणीजवळ चमकदार, काळसर पुळी येते, मधे खड्डा पडतो, खपली धरते आणि पुन्हा फुटते. तो बेसल सेल कार्सिनोमा असू शकतो. तो दूर पसरणं अत्यंत दुर्मीळ, म्हणून सुरुवातीच्या रोगात पेट-सीटीचा प्रश्नच येत नाही. छोटी पंच बायोप्सी करून, म्हणजे गोल पात्याने कातडीचा बारीक तुकडा घेऊन, वेळेवर काढला की काम होतं. उशीर झाला तर तो पापणी आणि नाक खातो.

स्क्वॅमस सेल कार्सिनोमाची गोष्ट विदर्भाला जास्त जवळची आहे. जुन्या भाजल्याच्या व्रणात, वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमेत तो होतो. कुष्ठरोगातून बरे झालेल्यांच्या बधिर तळव्यावरच्या जुनाट जखमांतही होतो. ज्या विदर्भात कुष्ठरुग्णांसाठी दत्तपूर आणि आनंदवन उभं राहिलं, तिथे ही जखम बघायला आपल्याला दुसऱ्या कोणाकडून शिकावं लागू नये. फुलकोबीसारखी वाढ, कडा उचललेल्या, वास, सहज रक्त येणं, यातलं काही दिसलं की पट्टी बदलत बसण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणच्या कडांतून तुकडे घ्यावेत आणि जांघ हाताने तपासावी.

कोणी म्हणेल, इतक्या कमी लोकांना होणाऱ्या आजारासाठी सगळ्या जिल्ह्याची त्वचा तपासायची का? नाही. मी ते मागत नाही. लक्षणं नसलेल्या सगळ्यांची सरसकट त्वचा-तपासणी करावी की नाही, यावर अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलानेही २०२३ मध्ये पुरावा अपुरा असल्याचंच म्हटलं, आणि तिथे तर हा आजार आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कर्करोग घेतले ते योग्यच केलं. माझं म्हणणं एवढंच की जिथे आपण आधीच कातडी आणि पाय बघतो आहोत, तिथे डोळे उघडे ठेवावेत आणि संशय आला तर पुढची वाट ठरलेली असावी. कुष्ठरुग्ण शोध अभियानात आशाताई आणि पुरुष स्वयंसेवक घरोघरी जाऊन अंगावरचे चट्टे बघतात. मधुमेहाच्या रुग्णांचे पाय तपासायचे असतात. इतकं माणूसबळ आणि इतक्या भेटी ठरलेल्याच आहेत. त्यात तळवा आणि नख यांच्याकडे नजर टाकायला वेगळी योजना लागत नाही.

म्हणून माझ्या मागण्या लिहिते.

आरोग्य विभागाकडे : कुष्ठरुग्ण शोध अभियानाच्या आणि मधुमेह तपासणीच्या प्रशिक्षणात तळव्यावरचे बदलणारे काळे डाग, एकाच नखाखालची रुंदावणारी पट्टी, चेहऱ्यावरची न भरणारी पुळी आणि जुन्या व्रणातली नवी वाढ, ही चार चित्रं घालावीत. आशाताईंच्या हातात मराठी चित्रपत्रक असावं. संशयित रुग्णाचा फोटो ई-संजीवनी या सरकारच्या दूरवरून डॉक्टरी सल्ला देणाऱ्या सेवेवरून त्वचारोगतज्ज्ञापर्यंत जावा, आणि नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा एम्स या सरकारी रुग्णालयांपैकी कुठल्या ठिकाणी, कुठल्या विभागात, कुठल्या दिवशी जायचं याची चिठ्ठी त्याला गावातच मिळावी. प्रत्येक उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयात पंच बायोप्सीचं साहित्य आणि फॉर्मॅलिनच्या डब्या असाव्यात. तुकडे नागपूरला नेण्याची ठरलेली गाडी असावी, ते रुग्णाच्या पिशवीतून येऊ नयेत. नागपूर जिल्ह्यातल्या उपजिल्हा रुग्णालयांत त्वचारोगतज्ज्ञ बसतो तिथे डर्मोस्कोप द्यावा आणि तो वापरायचं शिक्षण द्यावं.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया बसते, पण कर्करोग आहे हे सिद्ध करणाऱ्या बायोप्सीचा खर्च बहुतेकदा रुग्णाच्या खिशातून जातो. रोग सिद्ध करण्याचा खर्च गरिबाने करायचा आणि मग योजना सुरू होणार, हे उलटं आहे. संशयित त्वचा-कर्करोगाची बायोप्सी आणि तिची पॅथॉलॉजी सरकारी रुग्णालयांत पूर्ण मोफत करावी.

महानगरपालिकेकडे : डॉक्टर नसलेल्या ठिकाणी तीळ, चामखीळ जाळण्याचे प्रकार थांबवावेत. नर्सिंग होमच्या नोंदणीचं नूतनीकरण करताना काढलेले तुकडे कुठे पाठवले याची नोंदवही बघावी. महाराष्ट्राच्या २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायची असते, ती लावलेली आहे का तेही त्याच वेळी बघून घ्यावं.

सर्जन आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे : काळा डाग तपासल्याशिवाय जाळू नका. काढलेला प्रत्येक तुकडा पाठवा, 'पाठवायचा का' हे विचारू नका. जाडी हातात येईपर्यंत पेट-सीटी लिहू नका, आणि लिहिला तर का लिहिला ते केसपेपरवर एका ओळीत लिहा. रुग्णाला ते वाचता आलं पाहिजे.

पॅथॉलॉजिस्टकडे : मेलानोमाचा रिपोर्ट जाडीशिवाय सोडू नका. दुसऱ्या मतासाठी रुग्ण ब्लॉक आणि स्लाइड मागायला आला तर त्याला दारात ताटकळत ठेवू नका. वैद्यकीय कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यायची, असं भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या नियमांत लिहिलेलं आहे. ब्लॉक आणि स्लाइडसाठीही तीच मुदत पाळा.

लॅबचालकांना वेगळं सांगते. 'संपूर्ण कॅन्सर चेकअप' या नावाने मार्करांची पाकिटं विकणं थांबवा. कुठली चाचणी कुठल्या कर्करोगासाठी आणि कुठल्या टप्प्यात उपयोगी आहे, हे पत्रकावर मराठीत छापा.

त्या शिबिरातल्या मावशींना मी ओळखत नाही. शिबिराच्या नोंदवहीत त्यांचं नाव आणि फोन नक्की असेल. या पत्रावर बाकी काही व्हायला वेळ लागणार असेल तर लागू द्या, पण शिबीर घेणाऱ्यांनी ती नोंदवही काढावी, त्यांना फोन करावा आणि या आठवड्यात त्यांचा अंगठा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावा. इतर मागण्यांवर काय करणार आणि कधी करणार, याचं लेखी उत्तर आपापल्या कार्यालयाच्या फलकावर लावावं, म्हणजे ते सगळ्यांना वाचता येईल.

आपली,
काटोल तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदाराची मुलगी
नागपूर